नानांना विचारा : टूर द फ्रान्सच्या घाटातली सायकल सहल

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मी सहज लिहून गेलो की रेल्वेतून निवृत्त झाल्यावर, २०२२ च्या जुलैत, मी फ्रान्समध्ये टूर द फ्रान्सच्या घाटांत सायकल चालवून आलो. वाटलं होतं, वाचतील नि विसरतील. पण त्यानंतर पंक्चर आणि गिअरच्या पत्रांपेक्षा त्याचीच पत्रं जास्त आली. म्हणून हा अंक त्यालाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टूर द फ्रान्स ही १९०३ पासूनची सायकल शर्यत. दर जुलैत २३ दिवस, त्यात २१ टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. त्यातले आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतले टप्पे सगळ्यात बघण्यासारखे. काही सहल कंपन्या हौशी माणसांना त्याच सुमारास तिथे नेतात. सकाळी तुम्ही तोच घाट स्वतः चढायचा, दुपारी कडेला बसून शर्यत बघायची. सोबत गाइड, मागे व्हॅन, सामान हॉटेलवर. आता पत्रं.

नाना, माझं वय ४७, चाळीसगावला दुकान आहे. दर रविवारी कन्नड घाट चढतो. टूरमधला तो प्रसिद्ध आल्प द्युएझचा घाट जमेल का? मध्येच दम संपला तर काय करतात?

भाऊ, जमेल. पण चढ म्हणजे काय ते आधी माझ्या भाषेत सांगतो, कारण मला दुसरी येत नाही.

नोकरीतली सुरुवातीची सहा वर्षं मी कसारा-इगतपुरी घाटात बँकर इंजिनावर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर काढली. तिथला चढ 'सदतीसला एक', म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्यासाठी आख्ख्या गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं. आल्प द्युएझचा सरासरी चढ ८.१ टक्के आहे, म्हणजे जवळपास 'बाराला एक'. असल्या रुळावर आमचं इंजिन नुसती चाकं फिरवत जागेवर बसलं असतं. माणूस मात्र चढतो. का चढतो ते मला वरच्या टोकाला पोचल्यावरही कळलं नाही.

घाट १३.८ किलोमीटरचा, उंची वाढते सुमारे ११०० मीटर. एकवीस वळणं. प्रत्येक वळणावर नंबराची पाटी आणि तिथे जिंकलेल्याचं नाव. नंबर उलटे आहेत, खाली २१ आणि वर १. हे फार बरं केलंय, कारण चढताना माणसाला किती झालं यापेक्षा किती उरलं तेच हवं असतं. सगळ्यात खालच्या पाटीवर फाउस्टो कॉपी. टूर पहिल्यांदा इथे आली ती १९५२ मध्ये, नि तोच जिंकला.

आता तुमच्या उपयोगाचं. सगळ्यात कडक चढ सुरुवातीच्या दोन किलोमीटरमध्येच आहे, दहा टक्क्यांच्या आसपास. आमच्यातला पुण्याचा एक तरुण तिथेच पेटला. आम्ही सगळे त्याला मागून बघत राहिलो. सोळाव्या वळणावर तो कठड्यावर बसलेला, तोंड लालभडक. मी 'चल रे भो' म्हणत पुढे गेलो. मला १ तास ५२ मिनिटं लागली, वय तेव्हा ६३. इटलीच्या मार्को पंतानी या शर्यतवाल्याने नव्वदच्या दशकात हाच घाट ३७-३८ मिनिटांत चढला होता. तो काळ उत्तेजक औषधांचा, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यांकडे मी जरा तिरक्या नजरेने बघतो, पण ते असो.

तयारीसाठी कन्नड घाट चांगलाच आहे. जड वाहनांना बंदी आल्यापासून तिथे श्वासही घेता येतो. फक्त एकदा चढून वरती चहा-भजी खाऊन घरी येता ना, ते बंद करा. चढा, उतरा, पुन्हा चढा. सलग दीड-दोन तास पायांवर ताण राहिला पाहिजे, प्रश्न तेवढाच आहे. महिन्यातून एकदा तोरणमाळ करा. शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि उंची हजारेक मीटर वाढते. म्हणजे चढाई आल्प द्युएझएवढीच, फक्त ऐसपैस पसरलेली. सातपायरी घाटात मात्र ती एकदम वसूल होते.

दम संपला तर व्हॅन येते. सहलीत दोन गाइड असतात. एक पुढे, आणि दुसरा सगळ्यात मागच्याच्या मागे. मी त्याला पहिल्या दिवसापासून 'गार्डसाहेब' म्हणत होतो. त्याला अर्थ कळला तेव्हा तो खूश झाला. व्हॅनमध्ये बसण्यात कमीपणा मानू नका. पण एक सांगून ठेवतो, गाइड तुम्हाला ढकलत नाही. बँकर इंजिन तिथे मिळत नाही.

मी अमळनेरला शिक्षिका आहे. मला जायचंय, यांना सायकलीत रस नाही. आम्ही शाकाहारी. आमच्यासारख्यांचा तिथे निभाव लागेल?

ताई, आमच्या गटात अकरा जणांत चार बायका होत्या आणि त्यातल्या दोघी माझ्या पुढे असायच्या. बायकांची स्वतंत्र टूर द फ्रान्स २०२२ पासून पुन्हा जोरात सुरू झाली आहे, ती साधारण पुरुषांची संपण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर असते. गर्दी थोडी कमी, मजा तेवढीच. तारखा शाळेशी जुळत नाहीत हे खरं. मुख्याध्यापकांशी तुम्हीच बोला.

साहेबांना न्या. बऱ्याच कंपन्या सायकल न चालवणाऱ्या जोडीदाराचा वेगळा, कमी दर लावतात. ते व्हॅनमधून फिरतील, वरती खुर्ची टाकून बसतील. आमच्यातल्या एका बाईंचे पती रोज शिखरावर आमच्या आधी पोचायचे आणि आम्हालाच पाण्याच्या बाटल्या द्यायचे. त्यांनीच सहलीची सगळ्यात जास्त मजा घेतली असा माझा संशय आहे.

जेवणाचं आधी लेखी कळवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगितलं की एखादा स्वयंपाकी मासा पुढे ठेवतो, माझ्यापुढे ठेवला होता. 'मांस नाही, मासा नाही, अंडं चालेल की नाही' असं फोड करून लिहा. ब्रेड, चीज, बटाटे, पास्ता भरपूर मिळतं. तिखट मिळत नाही. मी शेंगदाण्याची चटणी आणि लसणाची कोरडी चटणी नेली होती, चौथ्या दिवशी आख्खं टेबल माझ्या डब्याभोवती. तूप, खवा, पेढे मात्र भरू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत. हिने सवयीने दशम्या करायला घेतल्या होत्या, दुधात भिजवलेल्या. त्या मी भुसावळ ते मुंबई प्रवासातच संपवल्या.

आणि केळी. व्हॅनजवळ थांबलं की हातात केळंच देतात. मी सावद्याचा जावई. आयुष्यात पहिल्यांदा परक्या मुलखातलं, शिक्का मारलेलं केळं खाल्लं, तेही एका वेळी एकच.

सायकलपटू जवळून दिसतात का? सही मिळते का? आणि ती लाल ठिपक्यांची जर्सी कशाची? मी शहाद्याला अकरावीत आहे.

बेटा, दिसतात. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. पण किती वेळ, ते ऐक.

१४ जुलै २०२२, फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस. टप्पा ब्रियाँसाँहून आल्प द्युएझला, मध्ये गालिबिए आणि क्र्वा द फेर असे दोन मोठे घाट, १६५ किलोमीटर. आम्ही सकाळीच सायकली घेऊन वर निघालो, कारण मोटारींना रस्ता आधीच बंद होतो आणि नंतर पोलीस सायकलवाल्यांनाही उतरवतात. कधी उतरवतील ते त्या पोलिसावर. सातव्या वळणाला डच लोकांचा अड्डा असतो. सगळं भगवं-नारिंगी, ढोल, गाणी, आणि सकाळी दहाला हातात बिअर. त्यांच्यातून सायकल काढताना पाठीवर इतक्या थापा पडल्या की मला वाटलं आपणच जिंकतोय. रंगामुळे क्षणभर गावाकडची मिरवणूकच वाटली.

चैत्रात आपल्याकडची माणसं सप्तशृंगीला पायी जातात, तेव्हा रस्त्याच्या कडेला अनोळखी लोक पाणी, केळी, सरबत घेऊन उभे असतात ना? तिथे तेच. एका म्हाताऱ्या जोडप्याने मला त्यांच्या छत्रीखाली बोलावून टरबूज दिलं. ना त्यांना माझी भाषा येत, ना मला त्यांची. त्या वर्षी तिकडे उष्णतेची लाट होती. पेपरात मोठ्या बातम्या, लोक डोक्यावर पाणी ओतत होते. पारा पस्तिशीत होता. मी भुसावळचा माणूस, पंचेचाळीस अंशांत इंजिनात बसलेला. मी म्हटलं, हवा छान आहे.

शर्यतीच्या दीड-दोन तास आधी जाहिरातीच्या गाड्यांचा ताफा येतो. १९३० पासूनची पद्धत. गाड्यांवरून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, गोळ्या फेकतात आणि त्यासाठी मोठमोठी माणसं लग्नात अक्षता पडाव्यात तशी वाकतात, पळतात. मला लाल-पांढऱ्या चौकटीची टोपी मिळाली. आणि पाठोपाठ मांडीवर एक पुडी पडली, उघडून बघतो तर सॉसेज. शेजारच्या छत्रीखाली दिलं, टरबुजाची परतफेड.

मग हेलिकॉप्टरचा आवाज. सगळे उठले. आणि टॉम पिडकॉक नावाचं २२ वर्षांचं पोरगं एकटंच वर आलं. माझ्यापुढून गेलं त्याला मोजून चार सेकंद लागली असतील. त्याने तो टप्पा जिंकला. मागून बाकीचे तुकड्या-तुकड्यांनी, चाळीसेक मिनिटं येत राहिले. सगळ्यात शेवटच्यांचे चेहरे मला जास्त लक्षात आहेत. त्यांना ठरलेल्या वेळेत पोचायचं असतं, नाहीतर शर्यतीतून बाद. लेट गाडी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचा चेहरा असाच असतो.

सही हवी असेल तर शिखरावर नको, सकाळी टप्पा सुटतो त्या गावात, संघांच्या बसजवळ उभा राहा.

तू विचारलेल्या लाल ठिपक्यांच्या जर्सीबद्दल: डोंगराच्या प्रत्येक घाटाला गुण असतात, ज्याचे जास्त त्याची ती जर्सी. हा किताब १९३३ पासून, ठिपके १९७५ पासून. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, तेच हे. आपलं नाव जास्त रुबाबदार आहे.

चढाचं काही नाही, पण उताराची भीती वाटते. फैजपूरकडून पालच्या रस्त्याने उतरताना एकदा पडले आहे. (वय २९, भुसावळ)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकी सगळे चढाचंच विचारतात.

आमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या जागेत, जुने ड्रायव्हर म्हणायचे, चढ इंजिनाचा, उतार ड्रायव्हरचा. चढताना चुकलात तर गाडी थांबते. उतरताना चुकलात तर थांबत नाही. कसारा घाटात उतरत्या रुळाला कॅच सायडिंग ठेवलेली असते, सुटलेली गाडी त्या वेगळ्या रुळावर चढावर नेऊन थांबवायला. आल्प्समधल्या रस्त्याला असलं काही नाही. दगडी कठडा आहे, कुठे तोही नाही.

म्हणून नियम तेच. वेग वाढल्यावर ब्रेक मारायचा नाही, वाढूच द्यायचा नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवा आणि वळणात शिरताना हलके सोडा. वळणाच्या मध्ये ब्रेक आवळला की चाक सुटतं. पालच्या रस्त्यावर तुमचं तेच झालं असावं असं पत्रावरून वाटतं. सतत घासत ब्रेक धरून उतरू नका, तापतात. रिमवर घासणारे जुने ब्रेक असतील तर रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते. डिस्क ब्रेकची सायकल मागा. नजर पुढच्या चाकावर नको, वळणाच्या बाहेर पडण्याच्या टोकावर. आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं असतं. दमलेल्या डोक्याला हे उतारावर हमखास विसरायला होतं.

दुसरी गोष्ट थंडी. गालिबिए २६४२ मीटर उंच. आपल्या कळसूबाईवर आणखी एक हजार मीटर ठेवा. खाली घाम गळत होता आणि वर माझे दात वाजत होते. चढताना भिजलेला सदरा उतारावर बर्फ होतो, बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेक कळत नाही. वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात हवेतच. पूर्वीचे शर्यतवाले शिखरावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर सदऱ्याखाली घालायचे. मीही घातलं, मुंबईहून विमानात घेतलेला मराठी पेपर. अग्रलेख छातीशी ठेवून उतरलो.

त्या पिडकॉकने त्याच दिवशी गालिबिएच्या उतारावर ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग घेऊन पुढच्या तुकडीला गाठलं होतं. मी ताशी तीसने उतरलो. दोन आजोबा नि एक टपालाची गाडी मला ओलांडून गेली. काही बिघडलं नाही.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? (शिरपूर)

भाड्याने. विमानाला खोकं, टॅक्सीला खोकं, खोकं हरवलं तर सहल हरवली. आधी उंची आणि पायाच्या आतल्या बाजूचं माप कळवा, पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी ३२ किंवा ३४ ची मागा. स्वतःची सीट आणि पायडल मात्र न्या, बूड आणि पाय ओळखीचं मागतात. पुढचा नि मागचा दिवा हवाच, आल्प द्युएझच्या पायथ्याच्या बूर द्वाझां गावाहून लोतारे घाटाकडे जाताना बोगदे आहेत. बोगद्यात शिरताना मी सवयीने शिट्टीचा दोर शोधला.

ब्रेक कुठल्या हाताला ते पहिल्या मिनिटाला बघा. तिकडे पुढचा ब्रेक बहुतेक वेळा डाव्या हाताला असतो. माझ्या घरच्या सायकलीला तो उजवीकडे. पहिल्या संध्याकाळी, घाटात नाही हो, हॉटेलसमोरच्या चौकात, मी मागचा समजून पुढचा आवळला आणि हॅंडलवरून थेट फ्रान्सच्या भूमीवर. गुडघा सोलला. गार्डसाहेबांनी धुऊन पट्टी बांधली. समोरच्या बेकरीतल्या बाईंनी त्यानंतर आठवडाभर मला बघितलं की ब्रेक दाबल्याची खूण करून दाखवली.

धुळ्याहून लिहितोय. एका सहलवाल्याला आगाऊ रक्कम दिली. 'शिखरावर राखीव जागा' असं सांगितलं होतं, आता म्हणतो व्हिसा नाकारला तर पैसे परत नाहीत. काय करू?

भाऊ, पावती आणि छापील अटी काढा नि शांतपणे वाचा. अट लिहिलेली असेल तर भांडून उपयोग थोडा, लिहिलेली नसेल तर लेखी मागणी करा, गरज पडल्यास ग्राहक आयोग आहे. माझंही थोडं पोळलंय. 'पर्वताच्या कुशीत हॉटेल' म्हणून जे सांगितलं ते घाटापासून व्हॅनने सव्वा तासावर निघालं. टूरच्या दिवसांत सव्वा तासाचे तीन तास होतात.

बाकीच्यांनी पैसे देण्याआधी हे विचारा. मुक्काम नेमका कुठल्या गावात? शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद झाल्यावर व्हॅन कुठे अडकणार, आणि संध्याकाळी परत कसं यायचं? एका गाइडमागे किती माणसं? सायकलचं भाडं धरलंय का? व्हिसा नाकारला तर किती परत? राखीव जागेचं म्हणाल तर घाटाच्या कडेला बसायला तिकीट नाही, सगळा घाट फुकट आहे. तंबू, पडदा, जेवण यांचे पैसे घेणारे असतात, ते घ्यायचं की नाही तो आपला प्रश्न.

पुढच्या वर्षीचा मार्ग ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाहीर होतो. तोपर्यंत कोणता घाट आहे ते पक्कं नसतं, म्हणून त्याआधी कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्या नि सोडून द्या. फ्रान्सला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मी जूनसाठी थांबलो नव्हतो, तुम्हीही थांबू नका, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. शुल्क आता मोठ्यांना ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विम्यात सायकलिंग धरलंय का ते बारीक अक्षरांत बघा.

नाना, एकूण किती लागले? खरं सांगा. (जळगाव)

विमान, व्हिसा, सहल, सायकल धरून चार लाखांच्या थोडं वर. ग्रॅच्युइटीतून. ही अजून अधूनमधून सोन्याचा भाव वाचून दाखवते.

स्वतः शर्यतीसारखी चालवायची असेल तर? (चोपडा)

एताप द्यु तूर. १९९३ पासून दरवर्षी टूरच्या एका डोंगरी टप्प्यावर रस्ता पूर्ण बंद करून हौशी लोकांना सोडतात. २०२२ ला तोच टप्पा होता, ब्रियाँसाँ ते आल्प द्युएझ, शर्यतीच्या चार दिवस आधी. मागून झाडू घेतल्यासारखी गाडी येते, ठरलेल्या वेळेच्या मागे राहिलेल्यांना उचलत. कन्नड घाट सलग चार वेळा होत नसेल तर नाव घालू नका.

नाना, पायडल निघतच नाही. (यावल)

सहलीचा प्रश्न नाही, पण खूप दिवस पडून आहे. डाव्या बाजूचं असणार. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. तरी नाही निघालं तर थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी लांब दांड्याचा पाना लावा. हातोडी नको.